तिऱ्हाईताची खुर्ची

मराठीत ‘तिऱ्हाईत’ म्हणजे ज्याचा संबंध नाही तो. ‘तुम्ही कोण मधे बोलणारे?’ असं ज्याला सुनावलं जातं तो. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत ‘सालिस’ म्हणजेही तिसराच. पण सालिस म्हणजे पंच, तंटा सोडवणारा. विमान सुरक्षेच्या खटल्यांत हा तिसरा माणूस कोण समजायचा, तिऱ्हाईत की सालिस?

28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपरला छोटं विमान कोसळलं. विमानातल्या चौघांबरोबर रस्त्यानं जाणारा एक माणूसही गेला. त्यानं काही तिकीट काढलं नव्हतं. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. जमिनीवरचे 19 जण दगावले. भरपाईच्या भाषेत अशांना ‘तिसरा पक्ष’ म्हणतात. पण ही जागा मेल्यानंतरची. जिवंतपणी, अपघाताआधी, त्याला कोर्टात बोलता येतं का?

येतं. मंगळूरला टेकडीवर दुसरी धावपट्टी होणार होती. टोकाला दरी आहे, हे धोक्याचं आहे, असं सांगत काही नागरिक व एक पर्यावरण संस्था कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. 2002 मध्ये याचिका फेटाळली गेली, 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. 22 मे 2010 रोजी विमान त्याच धावपट्टीवरून पुढं जाऊन दरीत कोसळलं. 166 पैकी 158 माणसं गेली. चौकशीत वैमानिकाची चूक निघाली, हे खरं. दरी मात्र आधीपासून तिथंच होती.

मुंबईत वेगळं घडलं. विमानतळाभोवतीच्या उंच इमारतींविरुद्ध वकील यशवंत शेणॉय यांनी जनहित याचिका केली. ना ते कंपनीचे, ना सरकारचे. जुलै 2022 मध्ये उच्च न्यायालयानं 48 इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडण्याचा आदेश मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला. आता त्या वरच्या मजल्यांत ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली, त्यांचंही ऐकावंच लागेल. तिसऱ्यामागं चौथा येतो, तो असा. प्रसिद्धीसाठी याचिका करणारेही असतात. त्यांना कोर्टानं दंड करावा, माझी हरकत नाही.

अपघातानंतरच्या तपासाचं तंत्र निराळं. 2017 च्या नियमांप्रमाणे हा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. विमान बनवणाऱ्या देशाचा प्रतिनिधी त्यात बसतो. मृतांच्या नातेवाइकांना पक्षकार म्हणून जागा नाही. म्हणूनच अहमदाबादच्या विमानाच्या कॅप्टनचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. निवृत्त न्यायाधीशांच्या देखरेखीखाली स्वतंत्र चौकशी करा, ही त्यांची मागणी. 7 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायालयानं नोटीस काढली आणि वैमानिकाला कुणी दोषी धरू शकत नाही, असं त्या बापाला सांगितलं. एवढं ऐकायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे आपल्या वऱ्हाडात कशाला? तर 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढावी म्हणून आपण वर्षानुवर्षं निवेदनं देत आलो. विमान हवं, हे मीही म्हणतो. पण धावपट्टीच्या रेषेत एखादा टॉवर वा उंच इमारत उठू लागली, तर ती दिल्लीच्या साहेबाआधी तिथल्या शेतकऱ्याला दिसेल. त्यानं साधा अर्ज लिहावा, गट नंबर घालावा, एक प्रत विमानतळावर, एक जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये. उद्या कोर्टात जायची वेळ आलीच, तर वकील आधी तीच मागेल.