नक्षी दिसते, धार कळते



या व्यासपीठावर राज्यघटनेपासून अवकाशविज्ञानापर्यंत सगळं बोलून झालं आहे. त्यात आज स्वयंपाकघरातली सुरी कुठून आली, असं पत्रिका पाहून काहींच्या मनात आलं असेल. पण पुढची रांग मघाशी आपापसांत विळी चांगली की सुरी यावर वाद घालत होती, ते मी ऐकलं. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

दमास्कस पोलादाच्या सुऱ्या आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. पात्यावर लाटा, भोवरे, शिडीसारख्या आडव्या रेषा. सोबतच्या चिठ्ठीवर 'सदुसष्ट पदर' असं काहीतरी लिहिलेलं आणि किंमत ऐकून हात आखडावा अशी. मी यंत्रशाळेत वाढलेला माणूस. अलीकडे हौसेने अशा सुऱ्या घडवतो. त्या अनुभवातून माझं एक मत झालं आहे. जुन्या काळी पोलादाची नक्षी आणि त्याची धार एकाच कारणातून येत. आज त्या दोन वेगळ्या कामांतून येतात, आणि पैसे मात्र आपण नक्षीचेच मोजतो.

आधी जुनी गोष्ट थोडक्यात सांगतो. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेलं पोलाद मुळात दक्षिण भारतातलं आणि श्रीलंकेतलं. तेलंगणातलं कोनासमुद्रम, तामिळनाडूतलं मेल-सिरुवलूर, कर्नाटकातलं गट्टिहोसहळ्ळी ही त्याची ठिकाणं. मातीत भाताचं तूस मळून मूस करायची. तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड आणि रुईसारखी हिरवी पानं भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भात्यावर तासन् तास तापवायचं. लाकडापानांतला कार्बन लोखंडात मुरायचा, आणि कार्बन मुरला की लोखंड कमी उष्णतेला वितळतं. मूस हळूहळू निवू द्यायची, मग फोडायची. आत पोलादाची लगडी. तिच्यात कार्बनचं प्रमाण शेकडा 1 ते 2, म्हणजे भरपूर. या लगड्या इराणी आणि अरबी व्यापारी घेऊन जात आणि तिकडचे कारागीर त्यांच्या तलवारी घडवत. या जादा कार्बनचा लोखंडाशी संयोग होऊन अतिशय कठीण कण तयार होतात. पातं मंद आचेवर पुन्हा पुन्हा ठोकलं की ते कण रांगा धरतात. तीच ती नक्षी. कण कठीण, म्हणून पातं कापायचं. कण रांगेत, म्हणून पातं देखणं. कारण एकच.

या गोष्टीत मुंबईही येते. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला, आणि शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं लिहून टाकलं. माल मुंबईहून आला म्हणजे तो मुंबईचाच, ही समजूत तेव्हाही होती! पुढे मायकेल फॅरडे या पोलादाच्या मागे लागला. वीजशास्त्रातला हा थोर माणूस लोहाराचा मुलगा. जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने 1819 पासून काही वर्षं पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. रशियात झ्लातौस्तच्या कारखान्यात पावेल अनोसोव्हने 1841 मध्ये आपल्या प्रयोगांवर ग्रंथ लिहिला. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवन आणि फ्लोरिडाचा लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून दाखवून दिलं, की ते कठीण कण रांगा धरतात ते व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या नाममात्र अंशामुळे. हा अंश मूळ खनिजातूनच यायचा. तसं खनिज मिळेनासं झालं तेव्हा नेहमीचीच कृती करूनही नक्षी उमटेना, आणि विद्या बुडाली, असा व्हर्होवन यांचा तर्क आहे.

आज दमास्कस म्हणून जी सुरी मिळते ती या जातीची नव्हे. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या भट्टीत जोडून तिचे पदर तयार करतात. ही रीतही जुनीच, युरोपातल्या प्राचीन तलवारींत ती आढळते. पण तिला नवा जन्म दिला तो अमेरिकेतल्या बिल मोरान यांनी. 1973 साली त्यांनी अशी पाती एका प्रदर्शनात मांडली आणि 1976 मध्ये सहकाऱ्यांबरोबर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली. तेव्हापासून जगभरच्या हौशी लोहारांना या कामाचं वेड लागलं.

आता प्रत्यक्ष काम. एक पोलाद साधं कार्बनचं, त्याला 1084 म्हणतात. दुसरं 15एन20, त्यात कार्बन जवळपास तेवढाच, पण शेकडा 2 निकेल. पहिलं आम्लात काळं पडतं, दुसरं निकेलमुळे चकचकीत राहतं. दोन्हींच्या मिळून 13 पट्ट्या घासून लखलखीत करायच्या, एकाआड एक रचायच्या, टोकांना वेल्डिंगचे टाके मारायचे आणि धरायला एक सळई जोडायची. गठ्ठा लाल झाला की वर टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून काचेसारखा पसरतो, लोखंडावरचा जळका पापुद्रा विरघळवतो आणि हवा आत शिरू देत नाही. पुढे आच वाढवत न्यायची. लाल, नारिंगी, मग पिवळा. साडेबाराशे अंशांच्या आसपास पृष्ठभाग ओला झाल्यासारखा हलतो. हीच वेळ.

इथे जोर काढायचा नसतो. पहिले घाव हलके आणि मधून कडेकडे, म्हणजे आतला वितळलेला खार बाहेर पडतो. तो ठिणग्यांसारखा उडतो, म्हणून चष्मा आणि चामड्याचा एप्रन हवाच. जोड बसला की नाही हे लगेच कळतं. नीट जोडलेला गठ्ठा ऐरणीवर एकसंध वाजतो. पोकळ राहिला असेल तर आवाज बद्द येतो. शिवाय गठ्ठा निवताना बाजूने पाहायचं. जिथे पदर सुटलेला असतो तिथे आतली उष्णता वर पोहोचत नाही, तेवढाच भाग आधी काळवंडतो. ती काळी रेघ दिसली की पुन्हा भट्टी.

जोडलेला गठ्ठा ठोकून लांब करायचा, चार तुकडे करायचे, एकावर एक ठेवून पुन्हा जोडायचे. 13 चे झाले 52. आणखी एकदा तेच केलं की 208. एवढे पदर अडीच मिलिमीटरच्या पात्यात बसतात, म्हणजे एकेक पदर केसापेक्षाही पातळ. आणखी वाढवता येतात, पण मग रेषा इतक्या बारीक होतात की पातं नुसतं करडं दिसतं. तेव्हा पदरांचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये.

एवढं झालं तरी नक्षी नसतेच. पदर सपाट, एकावर एक झोपलेले. वरून एकच पदर दिसणार. चिरोट्याचे पदर जसे गुंडाळी कापल्यावरच दिसतात, तसं इथेही पदर आडवे-तिरके कापले गेले पाहिजेत. चौकोनी कांब लाल करून पीळ द्यावा आणि मग चपटी करावी, की तारे आणि भोवरे उमटतात. कांबेवर आडव्या खाचा कोरून ती पुन्हा ठोकून सपाट करावी, की खालचे पदर वर येतात आणि शिडी तयार होते. जुन्या इराणी तलवारींवरही अशी शिडी असे, तिला तिकडे चाळीस पायऱ्यांची म्हणत. खाचांऐवजी खळगे केले की पावसाचे थेंब पडल्यासारखी वर्तुळं मिळतात. कोणती नक्षी येणार हे लोहार इथे ठरवतो, पण नेमकी कशी येणार हे शेवटपर्यंत पाहू शकत नाही.

मग सुरीचा आकार. टोक, पोट, मुठीत जाणारी शेपटी. पातं तीन वेळा तापवून हवेत निवू द्यायचं, दर वेळी आच थोडी कमी. ठोकाठोकीत धातूचे स्फटिक मोठे झालेले असतात, ते यात बारीक होतात. त्यानंतर धार घासायची, पण पूर्ण पातळ करायची नाही, एखाद्या मिलिमीटरची जाडी राखायची. नाहीतर पुढच्या पायरीला पातं वाकतं किंवा तडकतं.

पुढची पायरी म्हणजे पाणी देणं. या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, म्हणून कोमट केलेलं पातळ तेल वापरतात, तरी लोहार त्याला पाणी देणंच म्हणतात. पातं तापवत जायचं आणि मधूनमधून चुंबक लावून पाहायचं. 770 अंशांजवळ पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं पुढे, आठशेच्या वर न्यायचं, कार्बन लोखंडात नीट विरघळू द्यायचा, आणि सरळ तेलात. साधारण एका सेकंदात रंग जायला हवा. कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो आत अडकतो आणि धातू ताणलेल्या अवस्थेत कठीण होतो. कानस फिरवली तर घसरते. पण असं पातं हातातून पडलं तर तुकडे होतील. म्हणून ते लगेच 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकायचं. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो. सुरी घरात कशी वागणार हे इथे ठरतं. आणि श्रोतेहो, या सगळ्या प्रकाराची एक रेघसुद्धा नक्षीत उमटत नाही.

यानंतर पातं पुन्हा घासायचं, या वेळी धारेपाशी कागदासारखं पातळ होईपर्यंत, आणि दर फेरीला पाण्यात बुडवत. घासताना धार निळी पडली तर दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजा. मग बारीक पॉलिश कागदाने हाताने घासत बसायचं. आपल्याकडे तलवारींना जिल्हई देणारे शिकलगार हेच काम पिढ्यान् पिढ्या करत आले. शेवटी पातं स्वच्छ पुसून पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचं. इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच हे. काही मिनिटांत साधे पदर काळे पडतात, निकेलचे उजळ राहतात, आणि इतक्या खटाटोपानंतर नक्षी पहिल्यांदा डोळ्यांना दिसते. सोड्याच्या पाण्यात धुवायचं, तेल लावायचं, शिसवाची मूठ बसवायची.

लोक विचारतात, या पदरांमुळे सुरी जास्त कापते का? नाही. जोडकामाच्या उष्णतेत कार्बन एका पदरातून दुसऱ्यात सहज फिरतो आणि सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेल मात्र जागचं हलत नाही. म्हणजे धारेच्या दृष्टीने हे जवळपास एकच पोलाद, फरक उरतो तो रंगाचा. जपानी कारखान्यांच्या सदुसष्ट पदरांच्या सुरीत तर मधोमध एकच अखंड पोलाद असतं आणि दोन्ही अंगांना तेहतीस-तेहतीस पदरांचं आवरण. कापतो तो मधला साधा पदर. सुरी उत्तम असते, पण नक्षीमुळे नव्हे.

याची उलट बाजू आपल्या रस्त्याकडेला दिसते. घिसाडी कुटुंब पाल ठोकून बसतं. ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत, नवऱ्याच्या हातात सांडशी, बायकोच्या हातात घण. कोयता तयार झाला की फक्त त्याची धार पाण्यात धरायची आणि लगेच वर काढायची. पाठीतली उष्णता धारेकडे परत सरकते, घासून उजळलेल्या लोखंडावर पिवळसर, मग तांबूस छटा येते. हवी ती छटा धारेवर आली की पुन्हा पाण्यात. चुंबक नाही, तापमापक नाही. वर नक्षीचा लवलेशही नाही. पण तो कोयता उसाच्या फडात हंगामभर चालतो.

म्हणून नक्षीदार सुरी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पदर किती हे शेवटी विचारा. आधी विचारा पोलाद कोणतं, पाणी कसं दिलं, नंतर शेकलं किती अंशांवर, धारेमागे जाडी किती ठेवली. घडवणाऱ्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात. नुसतं विकणारा विषय बदलतो. नक्षी खरी की वर छापलेली हेही ओळखता येतं. खरी नक्षी पात्याच्या पाठीवरही रेषांच्या रूपाने दिसते. छापलेली घासून गेली की कायमची जाते. खरी पुन्हा आम्लात बुडवली की परत येते, कारण ती पात्याच्या पोटात असते. आणि ही सुरी गंजते, हे विसरू नका. लिंबू, चिंच, कोकम चिरून तशीच ओट्यावर टाकली तर दोष लोहाराचा नाही. पुसा, कोरडी करा, थोडं तेल लावा.

मी स्वतः नक्षी करतोच आणि करत राहणार. तिच्यात लोहाराचं कौशल्य आहे, पदर न सुटू देण्याची शिस्त आहे, त्या कष्टांचे पैसे द्यायलाही हरकत नाही. मात्र ज्याला साध्या, बिननक्षीच्या पोलादाची चांगली सुरी करता येत नाही, त्याने नक्षीच्या वाटेला जाऊ नये, आणि गिऱ्हाइकानेही त्याच्या.  विळी चांगली की सुरी, हा पुढच्या रांगेतला वाद आता प्रश्नोत्तरांत मिटवू.