लाच मोजता येते का?



रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे की नाही, हे आम्ही नजरेनं ठरवत नाही, गेज लावतो. भ्रष्टाचाराबाबत मात्र ‘सगळेच खातात’ म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्या या बंगळूरातच १९९३ साली सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकारानं नागरिकांची पाहणी झाली. ‘भ्रष्टाचार आहे का?’ असं मोघम न विचारता, कोणत्या खात्यात काम पडलं, किती खेपा झाल्या, पैसे द्यावे लागले का, किती, असं विचारलं. त्यावरून खात्यांचं प्रगतिपुस्तक निघालं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं. १९९९च्या पाहणीत समाधान थोडं वाढलं, पण लाच देणारेही वाढले! २००३मध्ये मात्र दोन्ही सुधारलं. मधे २०००मध्ये महापालिकेनं मालमत्ता कराची आकारणी घरमालकांनाच करू दिली, त्यामुळे घासाघिशीला वाव कमी झाला.

मला विचारलंत तर, घराच्या खातेबदलासाठी एका कार्यालयात मीही दिले आहेत. किती, ते सौ.ला अजून माहीत नाही.

विसर्जनानंतर सभासदांत अशीच प्रश्नावली फिरवणार आहोत. नाव लिहायचं नाही. पहिला कागद मी भरून ठेवला आहे.