मॅट्रिकचा उंबरठा

दरवर्षी उन्हाळा सरता सरता शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि दोन-चार दिवस घरोघर एकच विषय निघतो. निकाल किती टक्के लागला, परीक्षा पूर्वीपेक्षा सोपी झाली की काय, आणि आमच्या वेळचे मॅट्रिक कसे खरे मॅट्रिक होते! मी इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर या गावचा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक, म्हणजे हल्लीची दहावी, व त्यानंतर अध्यापनाची पदविका एवढेच. विद्वत्तेचा अधिकार मजजवळ नाही. परंतु या परीक्षेच्या उंबरठ्याशी अडलेली आणि उंबरठा ओलांडून गेलेली अशी दोन्ही प्रकारची मुले मी अडतीस वर्षे पाहिली आहेत. तेव्हा उत्तीर्ण होण्याचे नियम वारंवार का बदलतात आणि त्या बदलांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. या परीक्षेस मॅट्रिक्युलेशन म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ नोंदपटात नाव दाखल करणे असा आहे. विद्यापीठाने ही परीक्षा आपल्या स्वतःच्या सोयीसाठी, आपल्या दारात कोणास घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी योजिली होती. महाविद्यालयातील व्याख्यान या मुलास समजेल काय, एवढाच तिचा प्रश्न. ज्यास तेथे जावयाचेच नाही, त्याने शाळेत काय मिळविले हे पाहण्याचे काम तिच्याकडे नव्हते. पुढे कचेऱ्यांनी व पेढ्यांनी हीच कसोटी नोकरीस लावली, आणि 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द माणसाच्या नावापुढे डागासारखा चिकटू लागला.

१९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात स्वतंत्र परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि १९४९ साली मॅट्रिकच्या जागी माध्यमिक शालान्त प्रमाणपत्राची परीक्षा आली. श्रोत्यांनी या नावाकडे लक्ष द्यावे. जुनी परीक्षा प्रवेशाची होती, नवी शालान्ताची झाली. पूर्वीची दाराशी उभी राहून माणसे निवडीत असे. या नव्या परीक्षेने दहा-अकरा वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब मुलाच्या हाती द्यावा, अशी अपेक्षा होती. नाव बदलले, परंतु आपल्या मनातील मॅट्रिक काही गेले नाही. तेव्हापासून ही एकच परीक्षा दोन धन्यांची चाकरी करीत आली आहे, आणि माझ्या मते नियमांच्या साऱ्या ओढाताणीचे मूळ येथेच आहे. निवड करावयाची म्हटली की कसोटी कडक हवी. सर्वांच्या शिक्षणाचा दाखला द्यावयाचा म्हटला की ती सर्वांच्या आवाक्यात हवी. जो पक्ष ज्या वर्षी प्रबळ होतो, त्याच्या बाजूस तराजू झुकतो.

महाराष्ट्राचे मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. अकरावीची शालान्त परीक्षा दहावीवर आली आणि नव्या पद्धतीची पहिली परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. त्या परीक्षेस मी बसलो होतो. गणिताच्या पुस्तकात संचांची नवी भाषा आली होती; ती आम्हांस समजत नव्हती व समजावून सांगणारेही चाचपडतच होते. मी गणितात काठावर उत्तीर्ण झालो. आणखी चार-पाच गुण कमी पडले असते तर आज हे भाषण करण्याचा प्रसंग आला नसता. मी कोठे तरी उसाच्या गाडीवर असतो. ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत साफ विसरलो होतो. ती विसरल्याचा परिणाम काय झाला हे पुढे सांगतो.

त्यानंतरचे बदल पुष्कळांच्या स्मरणात असतील. ज्यांस बीजगणित-भूमिती जड जाते त्यांच्याकरिता मध्यंतरी सामान्य गणिताचा पर्याय होता. तो आला आणि गेला. २०१० साली सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली. शाळेने द्यावयाचे वीस गुण भाषा व समाजशास्त्रे यांतून २०१९ च्या परीक्षेपुरते काढून घेण्यात आले आणि लगेच पुढील वर्षी परत देण्यात आले. याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ साली तो ७७.१० वर उतरला आणि २०२० साली ९५.३० वर चढला. २०१९ साली अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. तरीही महाराष्ट्रातील मुले एका वर्षात बारा टक्क्यांनी मंद झाली आणि दुसऱ्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे कोणी म्हणेल काय? निकालाचा आकडा मुलांच्या ज्ञानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, नियम करणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून असतो. यास्तव एवढ्या आकड्यावरून पिढ्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

ही ओढाताण केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. दिल्लीच्या केंद्रीय मंडळाने दहावीची परीक्षा २०११ च्या सुमारास ऐच्छिक केली व २०१८ पासून पुन्हा सक्तीची केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी राज्याची चाचणी उत्तीर्ण होण्याची अट २००३ पासून होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील मतदारांनी मत देऊन ती अट काढून टाकली, चाचणी मात्र चालू राहिली. तेथील वादही आपल्यासारखाच होता. एक पक्ष म्हणे, कसोटी नसेल तर प्रमाणपत्रास किंमत काय? दुसरा म्हणे, एका चाचणीपायी मुलाचे दार कायमचे का बंद करावे? दोन्ही प्रश्न खरे आहेत, हीच अडचण आहे.

आता माझी गोष्ट. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी आमच्या भागात दूरवर पसरले. नदीकाठची शेते बुडाल्यामुळे माळावर राहावयास आलेल्या एका कुटुंबातील मुलगी माझ्या वर्गात शिकून पुढे हायस्कुलात गेली. १९९३ साली ती दहावीस बसली. सर्व विषयांत उत्तीर्ण, गणितात मात्र नऊ गुण कमी. तिचे वडील गुणपत्रक घेऊन माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, ऑक्टोबरला परत बसवू का? तुम्ही म्हणाल तसं." मी कागद पाहिला आणि म्हणालो, "तिला आकडा जमत नाही. राहू द्या आता." वर्षभरात तिचे लग्न झाले. पुढे काही वर्षांनी वस्तीवरील अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. त्या जागेस दहावी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती बाई अर्ज करू शकली नाही. आता तर त्याच जागेस २०२३ पासून बारावीची अट झाली आहे. तिला अडविणाऱ्या नियमास मी पुष्कळ दिवस दोष देत असे. परंतु नियमाने ऑक्टोबरचे दार उघडे ठेवले होते. ते बंद केले ते मी, एका वाक्याने. आणि तेही स्वतः काठावर उत्तीर्ण झालेल्या माणसाने.

म्हणून २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात जी एक सूचना आली, तिचा मी पुष्कळ विचार केला. गणित व विज्ञान यांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळविणाऱ्यासही पुढे जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांवर आधारलेले शिक्षण त्यास घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रकावर असावा, अशी ती सूचना. माझ्या त्या विद्यार्थिनीस असा नियम लाभता तर तिची नोकरी वाचली असती, हे मी नाकारीत नाही. तरी माझे मन पुरते कबूल होत नाही. पंधराव्या वर्षी मिळालेला शेरा पुसावयाचा कसा? आणि तो कोणाच्या कागदावर पडेल? ज्या घरी शिकवणी आहे, पुस्तके आहेत, आईबाप शिकलेले आहेत, तेथे तो क्वचितच पडेल. जेथे गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी असते, तेथील मुलांच्या कागदावर तो ओळीने पडेल. शाळेने न दिलेल्या शिक्षणाचा ठपका मुलाच्या नावावर, असा तो व्यवहार होईल. त्यापेक्षा २०१५ साली झालेला बदल मला अधिक न्याय्य वाटतो. नापास झालेल्या मुलांची फेरपरीक्षा त्या वर्षापासून ऑक्टोबरऐवजी जुलैत येऊ लागली, त्यामुळे मुलाचे वर्ष वाया जात नाही. कसोटी तीच राहिली आणि दार पुन्हा लवकर उघडले. नियम बदलावयाचे तर या दिशेने बदलावे, व गुण उतरविण्याआधी शिक्षक भरावे, असे माझे नम्र मत आहे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीचे पन्नास, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे तीस व तोंडी-प्रात्यक्षिकांचे वीस, असे गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. त्याच वर्षी त्या बाईंची धाकटी मुलगी दहावी झाली. मायलेकी पेढे घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. मुलगी उंबऱ्याशीच उभी राहिली. आईने विचारले, "गुरुजी, लोक म्हणतात ही कोरोनाची पास. हिचा कागद खरा ना?"

आईने परीक्षा दिली होती आणि तिच्याजवळ कागद नव्हता. लेकीजवळ कागद होता आणि तिने परीक्षा दिली नव्हती. दोघींचाही यात काही अपराध नव्हता. मी म्हणालो, "कागद खरा आहे. त्यातलं गणित तेवढं आपण खरं करून घेऊ." दुसऱ्या दिवसापासून दोन महिने ती मुलगी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. शेकडेवारी, प्रमाण, व्याज, क्षेत्रफळ, एवढेच आम्ही केले. आई बरोबर येऊन बसत असे. तिसऱ्या आठवड्यात व्याजाचे एक उदाहरण लेकीस सुटेना, ते आईने पाटीवर सोडविले. तिला आकडा जमत नाही, असे मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगितले होते.

श्रोतेहो, नियम आजवर बदलले, पुढेही बदलतील. ते ठरविणे आपल्या हाती नाही. परंतु निकालाच्या दिवशी आपल्या घरी, आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईच्या घरी, शेजारच्या दुकानातील पोऱ्याच्या घरी कोणी नापास झाले, तर पहिले वाक्य कोणते बोलावयाचे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. "राहू द्या आता" हे वाक्य तेवढे बोलू नका. फेरपरीक्षेचा अर्ज कधी भरावयाचा आहे ते विचारा. शाळा सुटून वर्षे झाली असतील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी रीतीने बसता येते, हे सांगा. आणि जमत असेल तर रोज तासभर त्या मुलास शेजारी घेऊन बसा. मी ते १९९३ साली केले नाही, एवढ्याचसाठी आज आपणांपुढे बोललो.