डिटॉक्स आहार : शुद्धी की शुद्ध भ्रम?

(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात, तोच अनेक घरांत एक नवे संकल्पपर्व सुरू होते. लग्नसराई तोंडावर आली, की तेच. कोणी अनशापोटी दुधी भोपळ्याचा रस पिते, कोणी सात दिवस केवळ फळांच्या रसावर राहते, कोणी बाजारातून ‘शुद्धी’चा दावा करणारा चहा किंवा चूर्ण आणते. हेतू एकच : शरीरात साठलेले विष बाहेर काढायचे आणि जमल्यास चार किलो वजनही उतरवायचे. या खटाटोपाला ‘डिटॉक्स’ असे भारदस्त नाव मिळाले आहे.

आरोग्य सुधारावे, ही इच्छा स्तुत्यच आहे. तथापि, त्या इच्छेच्या आधारे पैसे आणि पथ्य मोजण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. विष कोणते? ते बाहेर कोण टाकते? आणि काट्यावर कमी झालेले वजन नेमके कशाचे असते?

कल्पनेचा उगम

आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष रक्तात मिसळते आणि त्यातून सर्व रोग उद्भवतात, ही समजूत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे वैद्य शार्ल बुशार यांनी तिला ‘ऑटोइंटॉक्सिकेशन’, म्हणजे स्वविषबाधा, या नावाने शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. लंडनचे प्रख्यात शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर पुढे जाऊन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढण्याचा सपाटा लावला. अखेर १९१९ साली अमेरिकेतील वॉल्टर अल्वारेझ यांनी या सिद्धान्तातील विसंगती दाखवून दिली. बद्धकोष्ठाने डोके जड होते, ते पोट साफ होताच हलके होते. रक्तात विष भिनले असते, तर ते इतक्या तत्काळ नाहीसे झाले नसते. त्रास विषाचा नव्हे, तर ताणलेल्या आतड्याचा होता.

वैद्यकशास्त्राने ती कल्पना बाजूला ठेवली, बाजाराने मात्र ती उचलून धरली. ब्रिटनमध्ये २००९ साली काही तरुण वैज्ञानिकांनी ‘डिटॉक्स’ असे लिहिलेली १५ उत्पादने घेऊन त्यांच्या उत्पादकांना विचारणा केली. कोणत्याही दोन उत्पादकांनी या शब्दाची समान व्याख्या केली नाही आणि आपले उत्पादन नेमके कोणते विष काढते, हेही कोणाला सांगता आले नाही. शत्रूचे नावच ठाऊक नसेल, तर विजयाचा दावा कोणत्या आधारावर करायचा?

शरीराची स्वतःची यंत्रणा

वस्तुतः शोधनाची व्यवस्था निसर्गाने आधीच करून ठेवली आहे. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हे शरीराचे मुख्य शोधनगृह होय. प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे ते युरियात रूपांतर करते. मद्य, औषधे आणि अन्नातून येणारी कितीतरी रसायने मोडून ती पाण्यात विरघळण्याजोगी करते. मूत्रपिंडे चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील जवळजवळ सर्व परत घेतात आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्रावाटे बाहेर टाकतात. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे टाकतात. हे कार्य अहोरात्र चालते. त्याला दिवाळीनंतरच्या सात दिवसांच्या मोहिमेची गरज नसते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. यकृताला हे काम करण्यासाठी ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये लागतात आणि ती प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून बनतात. केवळ रसावर राहणारा मनुष्य डाळ, दूध, कडधान्ये सोडतो. म्हणजेच ज्या कारागिराकडून जादा काम करवून घ्यायचे, त्याचीच शिदोरी काढून घेतो.

खरी विषबाधा कशी असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर बाधित झाले, काही दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन लागते, प्रसंगी कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो. शिसे रक्तात भिनले असेल, तर ते बांधून बाहेर काढणारी विशिष्ट औषधे असतात. तेथे विषाला नाव असते, रक्तात त्याचे मोजमाप किंवा परिणाम तपासता येतो आणि उपचार रुग्णालयात होतो. त्याला खरे निर्विषीकरण म्हणतात.

काट्यावरचा हिशेब

‘पण आठ दिवसांत तीन किलो वजन उतरले, ते खोटे का?’ असा प्रश्न येथे हमखास येतो. काटा खोटे बोलत नाही. पण तो अर्धेच सांगतो.

यकृत आणि स्नायू यांत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम शर्करा ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकाएकी घटले, की हा साठा प्रथम वापरला जातो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते. दोन दिवसांतच काटा दीड-दोन किलो खाली येतो. नियमित जेवण सुरू होताच साठा पुन्हा भरतो, पाणी परत येते आणि वजनही परत येते.

आता चरबीचा हिशेब पाहू. एक किलो मेद जाळण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. ज्या गृहिणीची दैनंदिन गरज २,००० कॅलरींची आहे, तिने आठवडाभर ६०० कॅलरींच्या रसावर काढले, तर एकूण तूट ९,८०० कॅलरींची होते. ही सगळी तूट मेदातूनच भरून निघाली असे मानले, तरी सव्वा किलोपलीकडे मेद जात नाही. प्रत्यक्षात तेवढाही जात नाही. कारण प्रथिने न मिळाल्याने शरीर स्नायूही मोडून वापरते. स्नायू घटले की विश्रांतीतील ऊर्जाखर्चही घटतो, आणि पूर्वीइतकेच खाऊनही वजन चढू लागते.

दीर्घ अर्धपोटी आहाराचे काय होते, याचा अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केला होता. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शक्ती गेली, थंडी वाजू लागली, चिडचिड व औदासीन्य वाढले, मनात अहोरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांतील अनेकांना पोट भरूनही समाधान होईना. भुकेला दडपले, की ती दामदुपटीने परत येते.

मग काहींना डिटॉक्सच्या दिवसांत हलके वाटते, ते कशामुळे? त्या काळात तळलेले पदार्थ, मिठाई, मद्य, रात्री उशिराचे जेवण बंद झालेले असते, झोप वेळेवर होते. लाभ या संयमाचा आहे. श्रेय मात्र बाटलीतला रस घेऊन जातो. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बाजारातील डिटॉक्स आहारांच्या दाव्यांना आधार देणारी एकही नीट आखलेली तुलनात्मक चाचणी त्यांना आढळली नाही.

जेथे मोह जीवावर बेतला

निरुपयोगी गोष्ट निरुपद्रवी असतेच असे नाही. लिंबाचा रस, मेपल वृक्षाचा पाक, लाल तिखट आणि पाणी यांवर किमान दहा दिवस राहण्याचा ‘मास्टर क्लीन्स’ आहार अमेरिकेतील स्टॅनली बरोज यांनी रूढ केला. १९७६ साली त्यावर पुस्तक निघाले. रक्ताचा कर्करोग झालेला एक चोवीस वर्षांचा तरुण याच बरोज यांच्याकडे गेला. लिंबूपाणी, रंगीत प्रकाश आणि पोटाचे मर्दन असे उपचार झाले. पोटात रक्तस्राव होऊन तो तरुण मरण पावला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली बरोज यांच्यावरील खुनाचा दोष रद्द केला, परंतु परवान्याविना वैद्यक केल्याचा दोष कायम ठेवला. कायद्याचा काथ्याकूट झाला. त्या घरातला मुलगा मात्र परत आला नाही. त्याच सुमारास, १९७७ साली, अमेरिकेत केवळ द्रव प्रथिनांवर राहून वजन घटविणाऱ्या पन्नासहून अधिक जणांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यांतील अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती.

ही उदाहरणे परदेशातील म्हणून सोडून देता येणार नाहीत. २०१० साली दिल्लीत दुधी भोपळ्याचा कडू रस प्यायल्याने एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकरणांचा अभ्यास केला. दुधी कडू असेल, तर त्यात क्युकरबिटासिन या विषारी द्रव्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन रक्तदाब कोसळू शकतो. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास दुधी फेकून द्यावा आणि त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, असे समितीने सांगितले. ‘औषध कडूच असते’ असे म्हणून तो पेला संपविणे म्हणजे साक्षात संकटाला आमंत्रण होय. विष काढण्यासाठी घेतलेल्या रसातच विष निघावे, याहून मोठी विटंबना कोणती?

पालकाची भाजी गुणकारी खरी. परंतु तिच्यात ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते. कच्च्या हिरव्या पानांचे रस दिवसेंदिवस भरमसाट घेतल्याने मूत्रपिंड निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. सोनामुखीसारख्या रेचकांचा रोजचा वापर शरीरातील पोटॅशियम घटवतो. सर्वाधिक धोका मधुमेहींना असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून जेवण बंद केले, तर रक्तातील साखर कोसळून मनुष्य बेशुद्ध पडू शकतो. उलट, केवळ फळांच्या रसावर राहिल्यास तंतू गाळून गेलेली साखर रक्तात वेगाने चढते. रक्तदाबाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले-मुली आणि वृद्ध यांनी या वाटेला जाऊच नये.

लंघन म्हणजे डिटॉक्स नव्हे

येथे कोणी म्हणेल, की आपल्याकडे उपवास आहे, पंचकर्म आहे. मग डिटॉक्सवर आक्षेप का? या सबबीखाली बाजार आपला माल खपवतो, म्हणूनच हा भेद स्पष्ट झाला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनबृंहणीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत उपवास आहे तसाच व्यायामही आहे. लंघन कोणाला द्यावे आणि कृश व दुर्बळ माणसाला त्याउलट बृंहण, म्हणजे पोषण, का द्यावे, याचा विचार आहे. किंबहुना, लंघन अति झाले, तर सांधे दुखतात, तोंडाला कोरड पडते, भूक मरते, डोळे व कान क्षीण होतात, बळ जाते, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. शोधनानंतर एकदम पूर्ण जेवण न देता पेयेपासून क्रमाक्रमाने आहार वाढविण्याचा संसर्जनक्रम सांगितला आहे. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येतो, हे आधुनिक वैद्यकही सांगते.

तात्पर्य, प्रकृती, वय, बळ आणि ऋतू पाहून, वैद्याच्या देखरेखीखाली करावयाची ती चिकित्सा होती. सर्वांना एकच बाटली, एकच तक्ता आणि सात दिवसांत निकाल, असे तिचे स्वरूप कधीच नव्हते. उपवासाचे मूळ प्रयोजनही वजन घटविणे हे नसून मनाचा संयम हे आहे. अर्थात, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेले वेफर्स यांच्या जोरावर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ करणाऱ्यांनी या संयमाचाही विचार करावा.

मग करावे काय?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आठवड्याला अर्धा किलो वजन घटणे सुरक्षित मानले जाते आणि वजन घटविण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये. हा वेग अनेकांना मंद वाटेल. परंतु आठवड्याला अर्धा किलो म्हणजे सहा महिन्यांत तेरा किलो होतात.

त्यासाठी स्वयंपाकघराबाहेर जाण्याचीही गरज नाही. ताटात अर्धी जागा भाज्या, कोशिंबीर आणि फळांना द्यावी. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, मोड आलेली मटकी किंवा मूग, वाटीभर दही अथवा ताक असावे. फळ पिण्याऐवजी चावून खावे. साखर, मैदा, तळण आणि मीठ यांवर लगाम घालावा. मद्य आणि तंबाखू वर्ज्यच मानावे. रोज घाम येईल इतका व्यायाम, मग तो सूर्यनमस्कार असो वा पाऊण तासाची झपाझप चाल, आणि रात्रीची पुरेशी झोप यांना पर्याय नाही. थकवा, सूज, सततचे बद्धकोष्ठ किंवा अकारण वाढणारे वजन असेल, तर त्याला ‘विष साठले’ असे घरगुती नाव न देता थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी. खरा रोग ‘शुद्धी’च्या नावाखाली दडून राहणे, हाच या मोहाचा सर्वांत मोठा तोटा आहे.

यकृत आणि मूत्रपिंडे आयुष्यभर एकही सुट्टी न घेता सेवा बजावतात. त्यांना वर्षातून सात दिवसांच्या कौतुकाची अपेक्षा नसते. उरलेल्या तीनशे अठ्ठावन्न दिवसांत त्यांच्यावर अकारण भार न टाकणे, हीच त्यांची खरी सेवा आणि हेच खरे शोधन होय.