अँथुरियमची करपणारी पाने

अँथुरियम हे अळूच्या कुळातले झाड. त्याचे मूळ स्थान कोलंबिया आणि इक्वेडोर येथील ओलसर जंगले. फ्रेंच वनस्पतिसंग्राहक एदुआर आंद्रे याला ते १८७६ मध्ये कोलंबियात आढळले आणि पुढे युरोपातल्या काचघरांमार्फत जगभर पसरले. ज्या लाल, चकचकीत भागाला फूल म्हटले जाते तो महाछद, म्हणजे रंगीत पानच. खरी फुले मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात. प्रत्येक पानाच्या बगलेतून साधारण एकच फूल येते. झाडाला जोमदार नवी पाने फुटली नाहीत, तर फुलेही येत नाहीत.

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी होते. पानांतून पाणी उडून जाते त्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. मग सर्वांत दूरची कड आणि टोक आधी वाळते. रावेर-यावलचे केळी बागायतदार हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावून ते उष्ण वारा अडवतात. कुंडीलाही तोच न्याय हवा: गच्चीवर नव्हे, पश्चिमेच्या खिडकीत नव्हे, तर पूर्वेच्या उजेडात, पडद्याआड, इतर कुंड्यांच्या सोबतीने.

कोरड्या हवेने करपलेले पान पाहून बहुतेक घरांत पाणी वाढवले जाते, आणि झाड खरे दगावते ते इथे. रानात या झाडाची मुळे पालापाचोळ्यात आणि खोडांच्या सालीवर मोकळी वाढतात. खान्देशची काळी माती पाणी धरून ठेवते, सुकताना भेगाळते आणि मुळे तोडते. सतत ओल्या मातीत मुळे तपकिरी, लिबलिबीत होतात, वास मारतात. पाने आधी पिवळी पडून मग काळपट होतात. अशी मुळे कापून टाकावीत. उरलेले झाड भिजवलेले कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळशाचे तुकडे आणि थोडे गांडूळखत यांच्या मोकळ्या मिश्रणात लावावे. बोटाचे एक पेर कोरडे लागले की मगच पाणी द्यावे. पाने कापताना हाताला खाज येऊ शकते. अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून झाड लहान मुलांपासून दूर ठेवावे.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या जातकुळीचा प्रश्न आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो आणि पानांची टोके तपकिरी होतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आणि कुलरच्या टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घातले जाते. हेतू चांगला, पण या दोन्हींत क्षार अधिकच दाट झालेले असतात. अँथुरियमला ते देऊ नये. क्षार साचले असतील तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळाच्या भोकातून वाहू द्यावे आणि महिनाभर रासायनिक खत थांबवावे.

पानाच्या मधोमध फिकट, वाळलेला डाग पडला असेल तर तो थेट उन्हाचा. डागाभोवती पाणी मुरल्यासारखी कड आणि पिवळे वलय असेल तर जिवाणूजन्य करपा समजून ती कुंडी वेगळी करावी. धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत, पारा १० अंशांखाली गेला की, पाने काळवंडतात. त्या रात्री कुंडी खिडकीपासून आत घ्यावी. सर्वांत खालचे जुने पान एकटेच वाळत असेल तर काळजीचे कारण नाही.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पानावरूनच ठरते. येत्या पावसाळ्यात गच्ची एक-दोन सरींनी धुऊन निघाली, की पन्हाळीखाली झाकणाचे पिंप ठेवावे. अँथुरियमसाठी याहून चांगले पाणी खान्देशात मिळत नाही.