आडनावाचं घर : पिनांगची खू कोंगसी

फॅमिली ग्रुपवर कुलसंमेलनाचा मेसेज आला की आपल्यातले बरेच जण हात जोडल्याचा इमोजी टाकतात आणि विषय संपवतात. आज मी तुम्हाला अशा एका कुलमंडळाबद्दल सांगणार आहे, जे पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं टिकलंय. आणि तेही मूळ गावापासून समुद्रापार.

मलेशियात पिनांग नावाचं बेट आहे. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं तिथं ठाणं वसवलं आणि जॉर्ज टाउन हे बंदर उभं राहिलं. चीनच्या फुजियान प्रांतातून माणसं पोटापाण्यासाठी तिथं येऊ लागली. त्यातले काही एकाच गावचे, सिन कांगचे, आणि आडनावही एकच : खू. म्हणजे आपल्याकडे कशी अख्खी वाडी भावकीची असते ना, अगदी तसंच.

१८३५ मध्ये या भावकीतले १०२ जण एकत्र आले, वर्गणी काढली आणि संस्था सुरू केली. तीच खू कोंगसी. 'कोंगसी' म्हणजे सामाईक कारभार. मलय भाषेत आज हाच शब्द 'वाटून घेणं' या अर्थानं वापरतात.

आता या संस्थेची गरज काय होती? परक्या बेटावर नवा पोरगा उतरला, ओळख ना पाळख. त्याला निवारा कोण देणार, काम कोण लावून देणार, तो मेला तर अंत्यविधी कोण करणार? आडनाव हीच त्याची ओळखपत्रिका. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या कूड आहेत. बोटीवर नोकरी शोधणारा गोंयकार आपल्या गावच्या कूडीत पेटी ठेवायचा आणि तिथंच राहायचा. गरज तीच होती.

पैसा गावाकडेही जायचा. आग्नेय आशियातून फुजियान आणि ग्वांगडोंगला पैशांसोबत पत्रं जायची. आपली मनीऑर्डर आणि खुशालीचं पत्र एकत्र, असं समजा. त्या पत्रांची २०१३ मध्ये युनेस्कोनं जागतिक दस्तऐवजी वारसा म्हणून नोंद केली.

मग देऊळ आलं. १८५१ मध्ये पहिली वास्तू तयार झाली. पुढे त्या जागी इतकी भव्य वास्तू उभारली की ती लगेच आगीत जळाली, तेव्हा लोक म्हणाले, "सम्राटाच्या महालाशी बरोबरी केली, देव कोपले!" १९०६ मध्ये पुन्हा बांधली, थोडी लहान. आजही ती तिथं आहे. आत कुलदैवतं, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या, समोर देवांसाठी नाटक करायचा रंगमंच आणि भोवती भाड्यानं दिलेली घरं.

आता हे जरा नीट ऐका. भाड्यानं दिलेली घरं! माझ्या मते ही संस्था टिकण्याचं खरं कारण इथं आहे. पूर्वजांबद्दल प्रेम सगळ्यांनाच असतं, पण दिव्याला तेल कोण घालणार? यांनी सामाईक मालमत्ता केली. भाडं येत राहिलं, त्यातून पूजा, उत्सव, मुलांच्या शिक्षणाला मदत असं सगळं चालत राहिलं. आणि एक गंमत बघा. १९६६ ते ७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत चीनमध्येच पूर्वजपूजेवर घाला पडला. तेव्हा परदेशातल्या अशा घरांमध्ये मात्र ती सुरू होती.

पण सगळं गोडगोड नाही हं. भावकी म्हटली की 'आपले' आणि 'परके' आलेच. १८६७ मध्ये पिनांगमध्ये चिनी गटांची मोठी दंगल झाली आणि अशा घराण्यांचे लोक त्यात होते. शिवाय वंश चालतो वडिलांकडून. मग लेकी कुठे? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपले जुने कुलवृत्तांत उघडा. मुलग्याची पुढची सगळी शाखा छापलेली असते आणि मुलगी बऱ्याचदा लग्नाच्या एका ओळीत संपते.

२००८ मध्ये जॉर्ज टाउन जागतिक वारसा यादीत आलं. आज खू कोंगसीत पर्यटक तिकीट काढून जातात. मात्र १९९७ मध्ये मलेशियानं भाडेनियंत्रण कायदा रद्द केला आणि त्यानंतर जुन्या शहरातले कितीतरी भाडेकरू निघून गेले. मुंबईच्या पागडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोरीव खांब वाचले, पण तिथं नांदणारी माणसं? वारसा कुणाचा, हा प्रश्न तिथं अजून संपलेला नाही.

तर आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? देऊळ बांधायला मी सांगत नाहीये. या आठवड्यात एवढंच करा : घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर फोन ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि आधी आजीच्या माहेरचं विचारा. तिच्या आईचं नाव, त्या आईचं गाव. कुलवृत्तांतात जे सापडणार नाही, तेच आधी. आणि फाइल एकट्याच्या फोनमध्ये ठेवू नका, भावंडांना पाठवा. कोंगसी म्हणजे तरी काय, वाटून घेणंच ना!

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.