दवाखान्यातली रक्ताची गुठळी: विचारलं तर टळते

आज आपण रक्ताच्या गुठळीबद्दल बोलू.

ऑपरेशन, सिझर किंवा मोठं दुखणं झालं, की माणूस खाटेवर पडून राहतो. पायातलं रक्त संथ वाहतं आणि आतल्या शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर हा धोका जास्तच असतो.

टाळायचे उपाय आहेत. पेशंटला लवकर उठवून चालवणं, पायांना दाब देणारे मोजे किंवा पट्टे, आणि गरज असेल तर गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन. पण दवाखान्याच्या धावपळीत हेच राहून जातं.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हे मोठं, नावाजलेलं हॉस्पिटल आहे. तिथंही असंच होत होतं. २००५ साली तिथले डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि कॉम्प्युटरचे जाणकार एकत्र आले. 'नीट लक्ष ठेवा' एवढं सांगून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून कॉम्प्युटरवरच सोय केली. पेशंट भरती झाला, की डॉक्टरांनी गुठळीच्या धोक्याचे प्रश्न भरायचेच. कोणता उपाय योग्य, तेही तिथंच दिसायचं.

पुढं त्यांनी अपघातातल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. ही सोय होण्याआधी योग्य उपाय न मिळालेले पुरुष शंभरात ३१ होते, आणि बाया ४५! प्रश्न सगळ्यांसाठी सक्तीचे झाल्यावर दोघांनाही उपाय जास्त मिळू लागला आणि बाई-पुरुष हा फरक जवळजवळ मिटला.

आपल्या बचत गटात आपण वहीतलं एकेक नाव घेऊन विचारतो. म्हणून कोपऱ्यात गप्प बसणारीही सुटत नाही. हे तसंच आहे.

तरी एक अडचण उरली. लिहून दिलेलं इंजेक्शनही चुकायचं, कारण बरेचदा पेशंटच 'नको' म्हणायचे. मग नर्सनी ते कशासाठी आहे हे समजावून सांगितलं, माहितीचा कागद आणि व्हिडिओ दाखवला. चुकणारे डोस कमी झाले.

म्हणजे पेशंट आणि सोबतची बाईसुद्धा त्या टीममध्ये असते. आपण दवाखान्यात सोबतीला जातो, तेव्हा तीन प्रश्न विचारूया:

हिला गुठळीचा धोका आहे का?
त्यासाठी काय करताय?
हिला कधी उठवून चालवायचं?

इंजेक्शन सगळ्यांना लागत नाही. ज्यांना रक्तस्रावाची भीती असते, त्यांना दुसरा उपाय करतात. ते डॉक्टर ठरवतील, पण विचारणं आपलं काम. आधी कधी गुठळी झाली असेल, किंवा घरात कुणाला झाली असेल, तर तेही आपणहून सांगायचं.

घरी आल्यावरही लक्ष ठेवूया. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळायचा नाही. 'बाळंतिणीचे पाय सुजतातच' असं म्हणून थांबायचंही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर लगेच १०८ ला फोन करायचा.

येत्या बैठकीत हे तीन प्रश्न प्रत्येकीकडून म्हणवून घेऊया. आणि वहीत बघूया, कोणाच्या घरी बाळंतपण किंवा ऑपरेशन आहे. तिच्याकडे सगळ्यात आधी जाऊया.